दोनचा शून्यावा घात

वन्सं, दीपाली आत गेली. फाटक लागलं. आता दोन तास तिला कोणी बाहेर सोडणार नाही आणि मला कोणी आत घेणार नाही. पाथर्डीच्या या शाळेसमोर लिंबाच्या पारावर बसून, तुमच्याच सराव पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी तुम्हाला लिहितेय. कागद मांडीवर आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. ठेवालच म्हणा. बावन्न वर्षं ठेवलीत, आता काय सुधारणार.

काल तुमचा दहावा झाला. आज परीक्षा.

दीपाली कोण, हे तुम्हाला सांगायला नको. पण शेजारी एक बाई बसली आहे, ती मघापासून माझ्या कागदात डोकावतेय. तिच्यासाठी सांगते. तिसगावात वन्संच्या पडवीत रोज संध्याकाळी पाच पोरी गणित शिकायला येतात, त्यांतली सगळ्यात किडकिडीत ती ही. आठवीत आहे. आईबाप दसऱ्यानंतर ऊस तोडायला गेलेत, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येणार. पोरगी म्हाताऱ्या आजीपाशी असते. बापाने वन्संना फोनवर शब्द दिलाय, या परीक्षेत पास झाली तर वसतिगृहाच्या शाळेत घालीन, बारावीपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. नाही झाली तर पुढच्या हंगामाआधी लग्न. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकट्या माणसाला टोळीचा मुकादम अर्धा कोयता धरतो. पोरगी उजवायची, कोयता पुरा करायचा. तेरा वर्षांच्या पोरीचं एवढंच गणित त्यांनी मांडलंय.

वाचलं का हो बाई? आता जरा पलीकडे सरका.

तर वन्सं, मला भीती वाटतेय. पोरगी नापास होईल याची तर वाटतेच, पण त्याहून जास्त, ती माझ्यामुळे नापास होईल याची वाटते. बाकी सगळं तुम्ही शिकवून गेलात. घातांक तेवढे राहिले होते, आणि ते शिकवले कोणी? मी! जिने आयुष्यात पहिल्यांदा घातांक लिहिला तेव्हा पंचवीसच्या डोक्यावर पाच बसवला होता, ती मी.

ती बया आठवते ना? एकोणीस वर्षांची, शहाणपणाने भरलेली. भरलेली कसली, फुगलेली. सासरी सांगून ठेवलं होतं, पोरगी मॅट्रिक आहे. होतेच मी मॅट्रिक, फक्त गणितात नापास होते, आणि गणित गेलं की बाकीचे विषय नुसते शोभेला असतात हे आम्ही कोणाला बोललो नव्हतो. गुणपत्रिका माझ्या आईने पिठाच्या डब्याखाली अंथरली होती.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. तुम्ही तिसगावहून माहेरपणाला आला होता, ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. शेजारची शाळकरी पोर पाटी घेऊन आली. "काकू, एकशे पंचवीस घातात लिवायचेत."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "इचार, इचार. आमची सून मॅट्रिक हाय!"

घरात हायस्कुलात गणित शिकवणारी लेक बसलेली, आणि कौतुक सुनेचं. मी तुमच्याकडे न बघता पेन्सिल घेतली आणि ऐटीत लिहिलं: पंचवीस, आणि त्याच्या डोक्यावर उजवीकडे छोटा पाच. वर तोंडाने ऐकवलं, "पंचवीस पाचे सव्वाशे. त्यात काय?" ते "त्यात काय" आठवलं की आजही वाटतं, त्या बयेची वेणी धरून तिला उन्हात उभी करावी.

तुमचा शेंग फोडणारा हात थांबला. आता ही बोलणार, सासूबाई ऐकणार, माझ्या माहेरी निरोप जाणार आणि गुणपत्रिका निघणार, पिठासकट.

"वैनी!" तुम्ही ओरडलात. "दूध उतू चाललं!"

मी आत पळाले. चुलीवर दूध नव्हतंच, चूल थंडगार. मागून तुम्ही आलात आणि कानाशी म्हणालात, "पंचवीसचा पाचवा घात म्हंजे किती, ठावं हाय का? सत्त्याण्णव लाख पासष्ट हजार सहाशे पंचवीस. पोरीनं सव्वाशे मागितले, तुमी सगळा जिल्हा उचलून दिला तिला."

मी रडायलाच लागले. "आईंना सांगाल?"

"सांगन. आधी तुमची नवी साडी काढा ट्रंकेतली."

मला वाटलं, गप्प बसायची लाच मागताय. काढली मी. तुम्ही ती झटकून पलंगावर पसरली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुमडली. "एक घडी. थर किती?" दोन. "दोन घड्या?" चार. "तीन?"

"सहा," मी म्हटलं. त्यात काय!

"मोजा."

मोजले. आठ निघाले. पुन्हा मोजले, तरी आठच. "घडी थर वाढवत न्हाई वैनी, हायेत तेवढे सगळे दुप्पट करती. वरचा छोटा आकडा नुसतं एवढंच सांगतो, किती येळा. आन् खालचा पाया सांगतो, किती पट." दुकानातनं आलेली सहावारी साडी सहा घड्यांची असते, लांबीत चार, रुंदीत दोन. चौसष्ट थर. दोनचा सहावा घात मी काखेत घेऊन हिंडत होते आणि मला पत्ता नव्हता. मग तुम्ही पाचाचं सांगितलं, पाच एकदा, दोनदा, तीनदा. मी बाहेर जाऊन पाटी पुसली, पाचावर तीन लिहिला.

"मगाशी येगळं लिवलं हुतं," पोर म्हणाली.

"मघाशी तुझी परीक्षा घेत होते," मी म्हणाले. आतून तुमचं हसू ऐकू आलं. सासूबाईंना तुम्ही सांगितलं नाहीत. त्या दिवशी नाही, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाही. मी मात्र प्रत्येक माहेरपणाला धसका घेऊन असायचे, आज सांगतात की उद्या. असली भित्री होते मी. आणि हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, की तुम्ही जीप धरून परत निघालात की मला हायसं वाटायचं आणि दोन दिवसांनी करमेनासं व्हायचं.

ती साडी तुम्हीच नेसलात. "शिकवणीची फी," म्हणालात. तिथपासून रीत पडली: माझ्या नव्या साडीची घडी तुम्ही मोडायची, तुमच्या साडीची मी. आधी दुसरीने एक दिवस नेसायची, मग आपण. बायका पुष्कळ घरी करतात असं, पण घडी मोडताना थर मोजणाऱ्या आपण दोघीच असू. लोकांना वाटायचं, या नणंद-भावजया साडीची वीण तपासतायत.

आणि मग ते वेडच लागलं. समोरच्या जीपची नंबरप्लेट दिसली की तुम्ही म्हणायच्या, फोडा. फोडायची म्हणजे दोनाने, तीनाने, पाचाने भाग देत जायचं आणि घातात लिहायची. बहात्तर दिसले की दोनचा तिसरा गुणिले तीनचा दुसरा. हजार दिसला तर मी खूष, दहाचा तिसरा, कष्ट नाहीत. पाथर्डी ते तिसगाव मी कित्येकदा उलटी येईस्तोवर आकडे फोडलेत. चौसष्टावं संपलं तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. "दोनचा सहावा, चारचा तिसरा, आठचा दुसरा! असं वय पुन्यांदा यायचं न्हाई वैनी." पाच वर्षांनी मला चौसष्ट झाली तेव्हा मी वाटले. एक्क्याऐंशीला पुन्हा वाटायचं ठरलं होतं, ते तीनचा चौथा आणि नऊचा दुसरा. शहात्तराव्या वर्षी गेलात. पाच कमी पडली. आता माझी एक्क्याऐंशी आली तर पेढे कोणाच्या दारात घेऊन जाऊ?

आत घंटा झाली एक. अर्धा तास गेला असेल. पोरीने पहिला प्रश्न काय सोडवला असेल? मी तिला शंभरदा सांगितलंय, आधी पाया बघ, मग डोक्यावरचा आकडा. घाईत गुणून मोकळी होऊ नकोस. घाईत गुणणारी एक म्हातारी तुझ्यासमोर बसलीय, तिच्याकडे बघून घे.

आपलं एक भांडण राहिलं, वन्सं. तेच सांगायला बसलेय, आणि तेच टाळतेय.

दोनचा शून्यावा घात किती? तुम्ही म्हणायच्या एक. मी म्हणायचे शून्य. बाकी सगळं ऐकलं तुमचं, हे नाही. दोन शून्य वेळा घेतले म्हणजे घेतलेच नाहीत, मग हा एक आला कुठून? तुम्ही लिहून दाखवायच्या, सोळा, आठ, चार, दोन, प्रत्येक पायरीला निम्मं, मग पुढे काय? मी म्हणायचे, पुढे पुस्तकवाल्यांची मर्जी. तीस वर्षं तरी हे चाललं असेल. लग्नात, बारशात, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत. तुमचे दादा म्हणायचे, "या दोघींना शून्य वाटून द्या रे कोणीतरी."

तुम्ही जायच्या आदल्या दुपारी तुमचा फोन आला. दम लागत होता तुम्हाला, वाक्याच्या मधे थांबत होता. "वैनी, अकरा दिवसांवर परीक्षा आली. घातांक राह्यलेत पोरींचे. मला बोलवत न्हाई. चार दिवस येऊन घ्या."

"मी? मी नापास बाई."

"बावन्न वर्षं शिकवणी झाली तुमची. एवढ्यात तर डॉक्टर होतं माणूस." थांबलात. "फकस्त शून्यावा घात नीट सांगा."

"शून्य सांगीन."

"एक."

"शून्य! रिकाम्या हातात एक कुठून येतो, ते सांगा आधी."

"कधी कळायचं हो तुमाला? मी मेल्यावर?"

आणि माझ्या या जिभेला हाड नाही. मी हसत म्हटलं, "मग मेल्यावर येऊन सांगा!" आणि ठेवला फोन. मनात म्हटलं, उद्या जाऊ, परवा जाऊ. खरं सांगू? मला पोरींची भीती वाटत होती. सूनबाईला म्हटलं गुडघा दुखतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या सुनेचा, सरलाचा फोन. "मामी, आई गेल्या."

तुम्ही मला केलेला तो फोन शेवटचा ठरला, आणि मी तुम्हाला ऐकवलेलं शेवटचं वाक्य ते.

तुमचे दादा गेल्यापासून तुमचं माहेर म्हणजे मीच. माहेरची साडी मीच आणायची, तुमच्यावर घालायला. दुकानं उघडली नव्हती. नातीच्या लग्नासाठी घेतलेली हिरवी साडी होती ट्रंकेत, कोरी, तुम्ही घडी मोडायला याल म्हणून ठेवलेली. ती घेतली आणि जीपमध्ये बसले. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबून धरली होती. रस्त्यात खड्डा आला की जीव घाबरा व्हायचा, वाटेत उलगडली तर? उलगडली तर काय होणार होतं, सांगता येत नाही. वाटायचं, उलगडली की खरं होईल. तोवर तुम्ही तिकडे पडवीत बसून फळा पुसताय.

तुम्हाला आंघोळ घालून बाहेर आणलं होतं. मी मढ्याला भिते, तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई गेल्या तेव्हा मी कण्हत कण्हत परसात जाऊन बसले होते आणि पाय धरायला तुम्ही उभ्या होतात. आता टाळता येईना. सगळ्या बायका बाजूला झाल्या. "मामी, साडी मोकळी करा," सरला म्हणाली.

मी एक घडी उलगडली. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, बत्तीस. कोणी ऐकलं नसेल. दुसरी. सोळा. हात गार पडले होते, बोटांना काही लागत नव्हतं. आठ. चार. एक टोक सरलाने धरलं, एक मी. दोन. आणि शेवटची घडी मोडली. साडी पुरी पसरली तुमच्यावर, पायांपासून गळ्यापर्यंत.

घडी एकही नाही. थर, एक.

वन्सं, मी तिथे किंचाळले. बायकांना वाटलं नणंदेसाठी. जवळच्या एकीने मला धरलं, "रडू द्या, रडू द्या," म्हणाल्या सगळ्या. मी रडत नव्हते हो, मी घाबरले होते. "मेल्यावर येऊन सांगा" म्हटलं होतं, आणि तुम्ही एका दिवसात येऊन सांगितलंत. बावन्न वर्षं आपण साड्यांचे थर मोजले, आणि दोघींपैकी एकीलाही पसरलेली साडी मोजायचं सुचलं नाही. सपाट साडी म्हणजे काय, नेसायची साडी. ती कोण मोजतं?

त्यानंतर मी तिसगावातच राहिले. पण त्या पडवीत एकटी जात नव्हते. भर दुपारी तुमचा फळा दिसला तरी अंगावर काटा यायचा. खडूचा डबा आपोआप हलेल असं वाटायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच पोरी दप्तरं घेऊन दारात. मी आतल्या खोलीत जाऊन माळ घेऊन बसले. जप चाललाय म्हटलं की कोणी बोलवत नाही. सरला आली. "मामी, आईंनीच सांगून ठेवलंय त्यांना. मोठ्या वैनी येऊन घातांक शिकवणार म्हणून."

"कधी सांगितलं?"

"तुम्हाला फोन करायच्या आधीच."

म्हणजे मला विचारायच्याही आधी! मग गेले बाहेर. काय करते. पोरी टकामका बघत होत्या. दीपाली म्हणाली, "आजी, सरावाच्या पेपरात शून्यावा घात हाय. बाईंना इचारला हुता आमी. त्या म्हनल्या, ते मला न्हाई नीट सांगता येत. ते फकस्त वैनींना येतं."

वन्सं! लबाड बाई. जाता जाता सापळा लावून गेलात. आणि लावताना तुम्हाला तरी ठाऊक होतं का, सापळ्यात काय सापडणार ते?

मी सरलाला म्हटलं, एखादी साडी दे. तिने तुमचं कपाट उघडलं. बदामी रंगाची, कोरी, दुकानाच्या घडीची. "आईंनी संक्रांतीला घेतलेली. घडी तुम्ही मोडायची होती म्हणून नेसल्या नाहीत."

त्या साडीला हात लावायचं धाडस मला होईना. मी ती दीपालीच्या हातात दिली. "मोड घड्या. मोज." पोरींनी मोजल्या. चौसष्ट, बत्तीस, सोळा. पुढे मला ऐकवेना, मी खाली बघत राहिले. दीपालीचा आवाज आला, "एक!" मग, "आजी, म्हंजे काईच केलं न्हाई तरी एक ऱ्हातं व्हय?"

"व्हय."

"आन् तीनचा शून्यावा?"

तीनचं तुम्ही मला शिकवलं नव्हतं. मेलेल्या माणसाने एक उदाहरण दाखवलं, दुसरं कुठून आणू? पण पोरीच बोलल्या आपापसांत, आणि दीपालीने साडी तीन पदरी दुमडली, पुन्हा तीन पदरी, नऊ थर. मग सोडली. "तीनाची घाला न्हाईतर पाचाची, मोडली की एकच की हो आजी!" मला म्हणाली. जणू मीच कच्ची.

त्या दिवसापासून रोज शिकवलंय, रोज घाबरले आहे. हजार चोवीस, सहाशे पंचवीस, तीनशे त्रेचाळीस, सगळे फोडून घेतले त्यांच्याकडून. चूक सांगेन या भीतीने आधी सरलाच्या मोबाईलवर ताळा करायचे, मग फळ्यावर. आज पहाटे दीपाली जीपमध्ये माझ्या दंडाला धरून बसली होती. तिची बोटं अजून इथे उमटलीत. आज मी तुमची बदामी साडी नेसले आहे. घडी दीपालीने मोडली, नेसले मी. रीतीत थोडा बदल झाला, चालवून घ्या.

घंटा झाली. थांबा.

आली वन्सं. पोरांच्या लोंढ्यात दिसेचना, टाचा उंचावून बघत होते मी. मग दिसली. पळत नव्हती, म्हणून अजून घाबरले.

"काय गं?"

"आला हुता."

"कोण?"

"शून्यावा घात. सातचा दिल्ता. म्या एक लिवलं." मग म्हणाली, "सातशे एकोणतीस घातात लिवा, आसंबी हुतं. म्या तीन तऱ्हांनी लिवलं. तीनचा सहावा, नऊचा तिसरा, सत्तावीसचा दुसरा. एकच मागितलं हुतं. बाई म्हनायच्या, सगळं द्यावं."

मी तिला तिथेच जवळ घेतलं. निकालाला महिना आहे. तोवर मी रोज तिच्या बापाच्या फोनला भिणार. पण तिने जे लिहिलं ते बरोबर आहे, एवढं मी, गणितात नापास, छातीवर हात ठेवून सांगते. तुम्ही जिंकलात. मोठ्याने कबूल करायचं इतके दिवस टाळलं, कारण भांडण मिटलं तर तुमच्याशी बोलू काय, हीच धास्ती होती.

ती काळजी पोरीने मिटवली. आता जीपची वाट बघत उभ्या आहोत, हे शेवटचं उभ्यानेच खरडतेय. ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "आजी, आन् शून्याचा शून्यावा किती?"

मी म्हटलं, पेपरात नाही येत ते.

"पन किती?"

घडीही नाही, आणि पसरायला साडीही नाही. तिथे काय राहतं, वन्सं? मी आपली म्हणते शून्य. तुम्ही म्हणाल एक. येऊन सांगा. या खेपेला मी घाबरणार नाही.

खोटं बोलले. घाबरेन. तरी या.